मदत हवी आहे : 'पर्यावरणपूरक' हॉटेलातल्या जेवणाची तक्रार कुठे करायची?

मंडळी, पर्यावरणपूरक म्हणवणाऱ्या एका हॉटेलात जेवलो आणि पार हिरमोड झाला. सूप कोमट, भाज्यांचा शिजून लगदा. मेन्यूवर मात्र ठळक 'स्थानिक आणि ताजं'! विचारलं तर वेटर शांतपणे म्हणाला, आज फ्रोझन माल आलाय. स्ट्रॉवर 'कंपोस्टेबल पीएलए' (म्हणजे वनस्पतींपासून बनवलेलं, कुजू शकणारं प्लास्टिक) छापलेलं, पण टाकायला सगळ्यांसाठी एकच डबा. पीएलए नीट कुजायला 60 अंशांच्या आसपास तापमानाचं औद्योगिक कंपोस्टिंग लागतं, त्यामुळे हा निव्वळ देखावा वाटला.

दारावर इको-लेबलची, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या प्रमाणपत्राची, पाटी आहे. 'ग्रीन की'सारखी लेबलं पाणी, वीज, कचरा, खाद्यपदार्थ बघतात. चव नाही, हे मान्य. मग तक्रार लेबलवाल्यांकडे करावी की आधी मॅनेजरला लिहावं? फोटो आणि बिल एवढा पुरावा पुरतो का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.