मदत हवी आहे : नवरा मारत नाही म्हणते, पण मैत्रीण सतत घाबरलेली असते

माझ्या जुन्या मैत्रिणीच्या लग्नाला सहा वर्षं झाली. नवऱ्याने कधी हात उगारला नाही, असं तीच सांगते. तरी मला राहून राहून शंका येते.

आमचं बोलणं चालू असताना तिचा फोन स्पीकरवर असतो, हे हल्ली कळलं. इतके दिवस वाटायचं, तुटक बोलते म्हणजे माझंच काही चुकलं असेल. पगार तिचा, कार्ड त्याच्याकडे. बसभाड्याचासुद्धा हिशोब द्यावा लागतो. भेटायचं ठरलं की ऐन वेळी बेत रद्द. गेल्या महिन्यात बोलता बोलता म्हणाली, "रागाच्या भरात गळा धरला होता, पण लगेच सोडला. वळसुद्धा उठला नाही." आणि लगेच, "मीच उलट बोलले होते."

मी चिडून म्हटलं, "आजच्या आज बाहेर पड." तेव्हापासून ती फोन उचलत नाही.

हा छळच ना? आता मी काय करू? तिच्या नकळत हेल्पलाईनला फोन केला तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, हो, हा छळच आहे. पैसा, फोन, माणसं तोडून एखादीला कह्यात ठेवणं हा इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने गुन्हा आहे, मारहाण झालेली नसली तरी.

पण तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती गळ्याची. वळ न उठताही आतल्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते आणि त्रास काही दिवसांनीही सुरू होतो : आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सातपट दिसला. असं काही झालं की डॉक्टरांना "गळा दाबला" असं स्पष्ट सांगायचं.

तुम्ही काळजीपोटीच बोललात, पण घर सोडण्याचा काळच सर्वात धोक्याचा असतो. कधी आणि कसं निघायचं ते तिला ठरवू द्या. मेसेजमध्ये यातलं काहीही लिहू नका, तो वाचत असेल. नुसतं "तुझी आठवण आली" एवढंच पाठवा. भेट झाली तर सांगा की तुझ्यावर माझा विश्वास आहे, यात तुझी चूक नाही. कागदपत्रांच्या प्रती आणि चार कपडे तुमच्याकडे ठेवता येतील. एखादं साधं वाक्य खुणेचं ठरवा. ते ऐकलं की तुम्ही पोलिसांना फोन करायचा.

हेल्पलाईनला मैत्रिणीसुद्धा फोन करतात. तिचं नाव न सांगताही सल्ला मागता येतो. फक्त तिला न विचारता तिच्या घरी कुणाला पाठवू नका. जीवावर बेतलं असेल तर मात्र थांबायचं नाही.

धागाकर्ती

त्या आठवड्यात तिचा आवाज बसला होता. सर्दी झालीय म्हणाली होती. मी आत्ताच हेल्पलाईनला फोन लावते आहे.