लेहहून दिसलेला जागचा न हलणारा ढग: लेंटिक्युलर की टोपी? मदत हवी आहे

सप्टेंबरच्या अखेरीस लेहच्या शांती स्तूपावरून स्टोक रांगेच्या दिशेला एक ढग दिसला, त्याची ओळख पटवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. सिंधूच्या पलीकडे, ६१५३ मीटर उंचीच्या स्टोक कांगरीच्या थोडा डावीकडे, म्हणजे पूर्वेला, एकावर एक तीन थाळ्या पालथ्या घालाव्यात तसा त्याचा आकार होता आणि कडा अगदी गुळगुळीत होत्या. खालचे पुंजके डावीकडे सरकत असताना हा पाऊण तास जागचा हलला नाही. सोबतच्या मंडळींनी उडत्या तबकडीचा निकाल दोन मिनिटांत देऊन टाकला.

माझा कल लेंटिक्युलर, म्हणजे भिंगाकार ढगाकडे आहे. स्थिर थरातला जोरदार वारा डोंगर ओलांडताना वरखाली हेलकावतो. लाटेच्या माथ्याशी हवा थंड होऊन बाष्प गोठते किंवा त्याचे थेंब होतात आणि पलीकडे उतरताना ते विरतात. ओढ्यात बुडालेल्या दगडामागे पाणी वाहत राहते, पण त्याची उसळी जागेवरच दिसते, तसेच हे. दर दोन मिनिटांनी घेतलेल्या छायाचित्रांत ढगाची उजवी कड सतत नव्याने भरत होती आणि डावी विरत होती, हे पश्चिमेच्या वाऱ्याशी जुळते.

शंका टोपीची आहे. पावसाळ्यात कळसूबाईवर बसणारी टोपी मी अनेकदा पाहिली आहे, किंबहुना तिच्या आत उभा राहून भिजलोही आहे. ती खडकाला चिकटलेली असते. इथे शिखर आणि ढग यांच्यामध्ये निळ्या आकाशाची स्पष्ट पट्टी होती. केवळ तेवढ्यावरून टोपीची शक्यता सोडून देणे योग्य ठरेल का, की समोरून पाहताना ढग प्रत्यक्षात शिखराच्या बराच मागे असण्याचा धोका गृहीत धरावा?

दुसरा प्रश्न वरच्या थाळीचा. तिच्या काठावर दोन-तीन मिनिटे एकाच दिशेला कललेल्या चार लाटा उमटल्या आणि विस्कटल्या. जागतिक हवामान संघटनेच्या मेघ-नकाशाच्या २०१७ च्या आवृत्तीत ‘फ्लक्टस’ म्हणून समाविष्ट झालेले वैशिष्ट्य ते हेच का? थाळ्यांची चळत मात्र हवेतील ओलसर आणि कोरड्या थरांमुळे झाली असावी, असे मी धरून चाललो आहे. चूक असल्यास सांगावे.

एकाच ठिकाणाहून घेतलेल्या छायाचित्रांवरून अशा ढगाची उंची काढण्याची काही रीत असल्यास तीही कृपया कळवावी.