वाफारा घ्या, पण त्याला औषध म्हणू नका

रामदासपेठकर

डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की संध्याकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात निलगिरीचा वास दरवळतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती इमारतीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या सल्ल्याबद्दल: 'सकाळ-संध्याकाळ वाफ घ्या, विषाणू नाकातच मरतो, फुफ्फुसं साफ राहतात.' २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नागपूर होरपळत असताना हेच फिरत होतं. लाट गेली, सल्ला मुक्कामी राहिला.

विषाणू उष्णतेने मरावा ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस नाकातल्या ३३ ते ३५ अंशांच्या गारव्यात जोमाने वाढतो. म्हणून १९८० च्या दशकात ४३ अंशांची दमट हवा नाकात सोडणारी यंत्रं वापरून पाहिली गेली. आधीच्या काही चाचण्यांत फायदा दिसला, नंतर अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत तो दिसेना. २०१७ साली कॉक्रेनच्या (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात अशा ६ चाचण्या आणि ३८७ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. मांडणारे चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेचे, म्हणजे आपल्याच देशातले डॉक्टर. ठामपणे फायदा म्हणावा असं काही हाती लागलं नाही.

मग नाक मोकळं झाल्यासारखं का वाटतं? वाफेत टाकतात ते मेंथॉल (पुदिन्याचा गार अर्क) नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. मेंदूला वाटतं हवा सरसर आत येतेय. प्रत्यक्ष मोजली तर नाकातून जाणारी हवा जवळपास तेवढीच असते.

आरामासाठी वाफ जरूर घ्या, आजार बरा होईल म्हणून घेऊ नका. आणि लहान पोरांना तर देऊच नका.

ओवाफूल

दादा, 'आराम' हा शब्द तुम्ही असा टाकला की जणू त्याला काही किंमतच नाही. सर्दी बरी करणारी गोळी तुमच्या ॲलोपथीकडे तरी कुठे आहे? पॅरासिटामॉलही आरामच देतं. चोंदलेल्या नाकाने रात्रभर कूस बदलणारा माणूस वाफेनंतर चार तास झोपला, तर तो उपचारच झाला.

मी आयुर्वेदाची वैद्य आहे, सक्करदऱ्यात माझा दवाखाना आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय पूर्ण स्वेदनावर, म्हणजे शेकून-वाफवून घाम काढण्याच्या उपचारावर आहे आणि त्यात स्वेदनाचे १३ प्रकार दिले आहेत. तुमच्या त्या चाचण्यांत काय होतं? गरम दमट हवा. ओवा नाही, निर्गुडी नाही, तुळस नाही. जे तपासलंच नाही ते नापास कसं केलंत?

आता तुमच्या बाजूचंही सांगते. त्याच अध्यायात स्वेदन कुणाला द्यायचं नाही याची यादी आहे. त्यात गर्भवती आहे, मधुमेही आहे, पित्ताचे विकारवाले आहेत. डोळ्यांना तर सौम्य द्या नाहीतर देऊच नका, असं सांगितलं आहे. त्यामुळे 'सगळ्यांनी रोज दोनदा' हा सल्ला आयुर्वेदाच्या नावावर खपवू नका. ऊन तापलं असताना, मे महिन्यात ४५ अंशांत रोज वाफ घेणारे पेशंट मी पाहिलेत. नाक आतून कोरडं पडून रक्त यायला लागलं की मग येतात.

रामदासपेठकर

ताई, चाचणीत ओवा नव्हता हे मान्य. पण मग ओव्याने सर्दी लवकर जाते हे दाखवायची जबाबदारी ओवेवाल्यांवर येते, माझ्यावर नाही. ओव्यातलं थायमॉल प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मारतं, बरोबर. गंजातून, म्हणजे पातेल्यातून, वाफेबरोबर नाकापर्यंत येणारं थायमॉल किती, आणि ते टिकतं किती वेळ?

इतवारीचा भाऊ

काय काय वाचून राहिले बाप्पा तुम्ही लोकं! गंजात पाणी, मूठभर निर्गुडीचा पाला, चमचाभर ओवा, डोक्यावरून दुपट्टा. पाच मिनिटांत माणूस ताजातवाना. आमच्या आजीपासून चालून राहिलं. चंडीगडवाल्याले काय माहीत आमच्या घरचा काढा न् वाफारा?

आमचं जडीबुटीचं दुकान आहे, म्हणून म्हणतो असं वाटलं तर वाटू द्या. ओवा काही महाग नाही, त्यात आमचा बंगला बांधून होत नाही. आणि ज्याले वाफ नको त्यानं सावजीचा रस्सा खावा. नाक आपोआपच वाहते.

सीताबर्डी

वाफेनेच तर २०२१ मध्ये म्युकर (काळी बुरशी) झाला होता लोकांना. जास्त वाफ घेतली की नाकातलं आवरण भाजतं आणि बुरशी बसते. तेव्हा सगळेच डॉक्टर सांगत होते.

रामदासपेठकर

सगळेच नाही. काहींनी तशी शंका बोलून दाखवली होती, ती सिद्ध झाली नाही. ज्यांच्या बाबतीत कारण स्पष्ट दिसलं तिथे अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड्स होते. वाफेच्या विरोधात आहे म्हणून काहीही तिच्या गळ्यात बांधायला मी तयार नाही.

कॅज्युअल्टी सिस्टर

तुमचे वाद चालू द्या. मी भाजलेली पोरं पाहते, ते सांगते. कुठल्या दवाखान्यात ते विचारू नका.

वाफेने चेहरा भाजून आलेले कमी असतात. जास्त येतात ते मांडीवर, पोटावर, जांघेत भाजलेले. कारण एकच: गंज उलटतो. जमिनीवर किंवा स्टुलावर उकळतं पाणी, वरून जाड ब्लँकेट, आत अंधार. मूल मांडीवर, ते चुळबुळ करतं, पाय लागतो. ब्लँकेटमुळे आईला काही दिसत नाही आणि पोराला पटकन बाहेरही काढता येत नाही. त्यात स्वेटर, थर्मल घातलेलं. गरम पाणी त्या कपड्यात मुरून अंगाला चिकटून राहतं. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. २०२० मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या लहान मुलांच्या रुग्णालयातही वाफ घेताना भाजलेली मुलं अचानक वाढली होती.

भाजलंच तर कपडे लगेच काढा, नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, मग दवाखाना गाठा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही नको. टूथपेस्ट खरवडून काढताना ते लेकरू जे ओरडतं ते तुम्ही ऐकलेलं नाही.

मोठ्यांनी घ्यायची तर गंज टेबलावर किंवा सिंकमध्ये ठेवा, गॅसवरून उतरवून जरा वेळ जाऊ द्या, डोळे मिटा, साधा टॉवेल पुरे.

विज्ञानाचे सर

सिस्टरांना एक जोड देतो. उकळत्या पाण्याची आणि वाफेची उष्णता सारखी नसते. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ त्वचेवर आदळून पाणी होते तेव्हा सुमारे ५४० कॅलरी सोडते, आणि ते पाणी गार होताना सोडतं ते वेगळं. दहावीच्या पोरांना अप्रकट उष्मा शिकवताना मी हेच उदाहरण देतो. गंजाच्या काठाशी तोंड नेऊ नका.

पोटतिडीक

आम्ही कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या बाजूला राहतो. माझ्या मुलाला दमा आहे. माझं भांडण वाफेशी नाही, वाफेच्या क्रमाशी आहे. त्याला धाप लागली की घरातले मोठे म्हणतात, 'आधी वाफ देऊन पाहू, पंप शेवटी. पंपाची सवय लागते.' म्हणजे ज्या मिनिटांत इन्हेलर द्यायचा ती मिनिटं पाणी उकळण्यात जातात. शिवाय कापराच्या, निलगिरीच्या उग्र वासाने दम्यात श्वासनळ्या आणखी आवळल्या जाऊ शकतात. ओवाफूलताई, यावर तुम्ही काय म्हणता?

ओवाफूल

तुमचंच बरोबर. धाप लागलेल्या पोराला आधी पंप. यात आयुर्वेद-ॲलोपथी काही नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर, मेंथॉल वाफेतूनही नको आणि नाकाजवळ चोळूनही नको. मेडिकलमध्ये वाफेसाठी मिळणाऱ्या कॅप्सूलमध्येही कापूर, मेंथॉल, युकॅलिप्टॉल असतं, त्या फोडून उरलेल्या कुठेतरी पडू देऊ नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात.

पण रामदासपेठकर दादांना मी सोडत नाही. २०१६ साली ब्रिटनमध्ये जुनाट सायनसच्या ८७१ रुग्णांवर अभ्यास झाला. वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी कमी झाली. वाचलात का?

रामदासपेठकर

वाचलाय. डोकेदुखी कमी झाली, सायनसची बाकीची लक्षणं होती तिथेच राहिली. त्याच अभ्यासात मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना थोडा पण दिसण्याइतका फायदा झाला. गंजापेक्षा ते करा ना.

ओवाफूल

जलनेती काय लंडनहून आली का? हटयोगातली आहे. ती मी शिकवतेच, फक्त नळाच्या पाण्याने करू देत नाही. उकळून कोमट केलेलं ग्लासभर पाणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ. कच्च्या पाण्यातला अमीबा नाकातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. आणि वाफ मी बंद करणार नाही. दिवसभर खडूच्या धुळीत ओरडणाऱ्या शिक्षकांचा बसलेला घसा साध्या पाण्याच्या वाफेने हलका होतो, एवढं मला पुरतं.

इतवारीचा भाऊ

सिस्टर, पोट्ट्याले वाफ द्यायचीच नाही तर नाक चोंदल्यावर करावं काय? रात्रभर रडते ते.

कॅज्युअल्टी सिस्टर

मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, दूध पाजायच्या आणि झोपवायच्या आधी टाका. फार वाटलं तर बाथरूमात गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा आणि दमट हवेत त्याला घेऊन थोडा वेळ बसा. फायदा किती होईल ते सांगत नाही, भाजत मात्र नाही. नळापासून लांब बसा. आणि हे सगळं विजेचा गिझर असेल तरच.

इतवारीचा भाऊ

गॅसचा असला तर काऊन नाही?

कॅज्युअल्टी सिस्टर

बंद बाथरूमात गॅस गिझर चालू राहिला की हवेतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग माणूस तिथेच कोसळतो. थंडीत अशी माणसं दरवर्षी जातात, चांगली धडधाकट.

इतवारीचा भाऊ

ताई, आमचा गिझर बाथरूमातच हाय. खिडकीले पुठ्ठा लावून ठेवला, हवा येते म्हून.

कॅज्युअल्टी सिस्टर

पुठ्ठा आत्ता काढा, भाऊ. गिझर बाहेर बसवायला उद्या मिस्त्री बोलवा.