अलॉय व्हील बसवल्यापासून तीन प्रकारचे आवाज : नेमके कारण कसे शोधावे?

सिडकोकर :
नमस्कार मंडळी. माझ्या सात वर्षांच्या पेट्रोल सेडानला कंपनीची पत्र्याची चाके आणि १८५/६५ आर १५ मापाचे टायर होते. मागच्या रविवारी शहरातल्या एका दुकानातून १६ इंची अलॉय व्हील आणि २०५/६० मापाचे टायर बसवून घेतले, आणि दुसऱ्याच दिवसापासून आवाज सुरू झाले. गाडी सावकाश निघाली की पुढच्या डाव्या चाकातून तालात टकटक ऐकू येते. पार्किंगमधून पूर्ण काट मारून गाडी काढताना काहीतरी खरवडल्यासारखा आवाज होतो, आणि मुंबई नाक्याकडून उड्डाणपुलावर चढून ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेले की एक घुमणारा आवाज सुरू होतो. दुकानदार म्हणतो की टायर नवे आहेत, पाचशे किलोमीटर चालवा म्हणजे बसतील. उलट दुसऱ्या एका गॅरेजमध्ये पुढची दोन्ही बेअरिंग बदलायला सांगितली. शनिवारी कसारा घाट उतरून ठाण्याला जायचे आहे. खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल?

सातपूरवाला :
शनिवारचा विचार बाजूला ठेवा आणि आज संध्याकाळीच चाकांचे नट तपासा, कारण तुम्ही जो आवाज सर्वांत साधा समजून आधी लिहिला आहे, तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. शेजारी कुणाला तरी बसवून ताशी २० च्या वेगाने गाडी चालवा आणि टकटक मोजा. तुमच्या नव्या चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा असल्याने या वेगाला चाक सेकंदाला जेमतेम तीन वेळा फिरते. आवाजही तेवढाच येत असेल तर तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा होतो आहे. टायरच्या खाचेत अडकलेला खडा असाच वाजतो, म्हणून तो आधी पाहून घ्या. खडा नसेल तर संशय नटांवरच घ्यावा लागेल. याच वेळी ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचीही शंका मिटते, कारण तो झिजला असता तर वळताना अॅक्सिलरेटर दिल्यावर कटकट आली असती, सरळ रस्त्यावर नव्हे.

आता मुख्य मुद्दा. नवी चाके बसवताना नट जुनेच वापरले का? नटाचा जो भाग चाकाला टेकतो, त्या बैठकीचे आकार वेगवेगळे असतात. होंडाच्या मूळ चाकांना गोलसर बैठकीचे नट लागतात, तर बाजारातल्या बहुतेक अलॉय व्हीलना शंकूच्या आकाराचे. गोल नट शंकूच्या भोकात घातला की तो फक्त एका बारीक रेघेवर टेकतो. हवेच्या गनने कितीही आवळला तरी चार दिवसांत ढिला पडतो, आणि ढिल्या चाकाने स्टडवर, म्हणजे नट ज्यांवर आवळतात त्या आट्यांच्या दांड्यांवर, ताण येऊन ते तुटू शकतात. आपल्याकडे गनने ‘टर्रर्र’ केले की काम झाले असे समजतात, याची मला फार चीड आहे.

पंचवटीकर :
खरवडण्याचे कोडे आकडेमोडीनेच सुटते. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिलिमीटर), दुसरा बाजूच्या उंचीचा (रुंदीच्या टक्क्यांत) आणि शेवटचा चाकाच्या व्यासाचा (इंच). जुन्या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर होता, नव्याचा ६५२ च्या आसपास आहे, म्हणजे टायर वरून आणि पुढून-मागून पंधरा मिलिमीटर पुढे आला. शिवाय तो वीस मिलिमीटरने रुंद झाला. चाकाच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ लिहून एक आकडा कोरलेला असतो, चाक किती आत किंवा बाहेर बसते ते तो मिलिमीटरमध्ये सांगतो. तो मूळ चाकापेक्षा दहाने कमी असेल तर अख्खे चाक आणखी दहा मिलिमीटर बाहेर सरकले असे समजा. पूर्ण काट मारून चाकामागच्या प्लास्टिकच्या लायनरवर बॅटरीचा उजेड टाका. घासलेली जागा काळी, गुळगुळीत दिसेल. १९५/५५ आर १६ घेतले असते तर व्यास जवळपास तोच राहिला असता. जाता जाता, आता काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात ६३ च्या आसपास असता.

देवळालीकर :
बेअरिंग लगेच बदलू नका. मात्र नट नीट आवळल्याशिवाय पुढची चाचणी करू नका. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगाने हलकेच डावीकडे-उजवीकडे झुला. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जाते. तेव्हा तो घुमणारा आवाज वाढला तर उजवे बेअरिंग, उलट झाले तर डावे. झुलून काहीच फरक पडत नसेल आणि डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर येताच आवाज बदलत असेल, तर तो टायरचा आहे.

सिडकोकर :
सर्वांचे आभार. काल पाना लावला तेव्हा डाव्या चाकाचे दोन नट जवळपास अर्धा फेरा सहज फिरले. चाक उतरवल्यावर दिसले की त्या दोन भोकांच्या काठावरचा रंग खरवडून तिथे राखाडी भुकटीचे कडे तयार झाले आहे, आणि जुने नट खरोखरच गोलसर बैठकीचे आहेत. लायनरही एका जागी घासला आहे. झुलण्याची चाचणी नट बदलल्यावर करेन. ही चाके वापरावीत की परत करावीत?

सातपूरवाला :
भोक अजून पूर्ण गोल असेल आणि स्टडच्या आट्यांना इजा नसेल तर चाक वापरता येईल. भोक जरा जरी लांबट झाले असेल तर ते चाक बाद समजा. आटे मोजून शंकूच्या बैठकीचे नवे नट घ्या, चाक हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) स्वच्छ बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच (किती आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) द्या. माझ्या होंडाच्या पुस्तिकेत तो १०८ न्यूटन मीटर आहे. तुमच्या पुस्तिकेतला आकडा पाहा. त्यानंतर ५० ते १०० किलोमीटर शहरातच चालवून पुन्हा एकदा पाना लावा. तेवढे अंतर शनिवारपर्यंत होणार नसेल तर ठाण्याला रेल्वेने जा.