शाळेच्या खोल्यांसाठी मतदान घेऊन कर्जरोखे : अमेरिकेतील पद्धत आपल्या गावात लागू पडेल का?

नदीकाठचा_पालक (करवीर तालुका)

सप्रेम नमस्कार. मी पंचगंगेकाठच्या एका गावात राहतो आणि आमच्या विद्या मंदिराच्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शाळेला सात वर्गखोल्या आहेत. त्यांपैकी चार जुन्या कौलारू आहेत आणि तीन नंतर बांधलेल्या स्लॅबच्या. 2019 आणि 2021 अशा दोन्ही महापुरांत शाळेत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर गावकऱ्यांनीच गाळ काढला, भिंती धुतल्या, रंग दिला आणि वर्ग पुन्हा भरू लागले. परंतु तिसरीच्या वर्गात खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जाणारी एक तिरकी भेग तेव्हापासून रुंदावत चालली आहे. बाईंनी तिच्यावर कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा टांगला होता. गेल्या महिन्यात मी तो बाजूला करून पाहिला, तेव्हा एक रुपयाचे नाणे भेगेत सहज सरकले. त्याच भिंतीला टेकून मुले बसतात.

आम्ही तीनदा अर्ज दिले. प्रत्येक वेळी निधी उपलब्ध झाल्यावर विचार करू असे उत्तर मिळाले. दरम्यान टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाने तिकडच्या मतपत्रिकेचे छायाचित्र पाठवले. त्याच्या भागातील शाळांच्या इमारतींसाठी कर्ज काढावे की नाही, यावर लोकांनी मतदान केले आणि ते फेडण्यासाठी स्वतःच्या घरफाळ्यातील वाढही मान्य केली, असे तो सांगतो. ही पद्धत नेमकी कशी चालते, आपली ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद असे काही करू शकते का, आणि करू शकत नसेल तर आमच्यासारख्या समितीने कोणत्या वाटेने जावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शाहूपुरीकर_ऑस्टिन

नमस्कार. मी मूळचा शाहूपुरीचा. गेली अठरा वर्षे टेक्सासमध्ये राहतो आणि येथील एका शाळा जिल्ह्याच्या नागरिक समितीवर काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

येथील शाळा जिल्हा म्हणजे आपल्याकडचा महसुली जिल्हा नव्हे. ती केवळ शाळा चालवण्यासाठी असलेली स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचे विश्वस्त मंडळ लोक निवडून देतात आणि तिला स्थावर मालमत्तेवर कर बसवण्याचा अधिकार असतो. हा कर दोन भागांत असतो. एका भागातून शिक्षकांचे पगार, वीज, बस असा रोजचा खर्च चालतो आणि दुसऱ्या भागातून केवळ कर्जाचे हप्ते व व्याज फेडले जाते. दुसऱ्या भागाच्या आधारावर कर्जरोखे (ठरावीक मुदतीने व्याजासह पैसे परत करण्याच्या हमीचे कागद) विकायचे, तर आधी मतदारांची संमती घ्यावी लागते. त्या पैशातून इमारती, छपरे, वातानुकूलन, शाळेच्या बस, सुरक्षेची साधने घेता येतात, पण पगार देता येत नाहीत.

मतदानाचा दिवस हा या कामाचा शेवटचा टप्पा असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तेवढाच दिसतो. त्याआधी वर्ष-दीड वर्ष प्रत्येक इमारतीची तपासणी होते. छप्पर किती वर्षांचे आहे, पाण्याच्या नळ्या कशा आहेत, पाया कुठे खचला आहे, हे खोलीनिहाय नोंदले जाते. पुढील दहा वर्षांत कोणत्या वस्तीत किती मुले वाढतील याचा अंदाज बांधला जातो. मग पालक, व्यापारी, निवृत्त लोक आणि ज्यांची मुले शाळेत नाहीत असे करदाते यांची समिती बसून कामांचा क्रम लावते. आमच्या समितीत सर्वांत मोठा वाद एका प्राथमिक शाळेच्या छपरावर आणि माध्यमिक शाळेच्या नाट्यगृहावर झाला. छप्पर आधी, हे ठरायला चार बैठका लागल्या.

कायद्यानेही लोकांपुढे गोष्टी लपवू दिल्या जात नाहीत. 2019 पासून टेक्सासमध्ये शाळा जिल्ह्याच्या अशा प्रत्येक प्रस्तावावर ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे’ असे मतपत्रिकेवरच छापावे लागते. मोठे क्रीडागार किंवा पोहण्याचा तलाव बांधायचा असेल, तर त्याचा प्रश्न वर्गखोल्यांच्या प्रश्नात मिसळता येत नाही, वेगळा विचारावा लागतो. शाळा जिल्ह्याने सार्वजनिक पैशातून माहिती द्यावी, प्रचार मात्र करू नये, असा नियम आहे. येथे साध्या बहुमताने प्रस्ताव मंजूर होतो. कॅलिफोर्नियात पूर्वी दोन-तृतीयांश मते लागत. 2000 सालच्या प्रस्ताव 39 नंतर ती अट 55 टक्क्यांवर आली, पण तिच्यासोबत कामांची यादी आधी जाहीर करणे, दरवर्षी लेखापरीक्षण करणे आणि नागरिकांची देखरेख समिती नेमणे बंधनकारक झाले. माझ्या मते ही अदलाबदल फार मोलाची आहे.

आकडेमोडीचे एक उदाहरण देतो. घराचे करपात्र मूल्य तीन लाख डॉलर आणि कर्जफेडीसाठी दर शंभर डॉलरमागे पाच सेंट वाढ धरली, तर त्या कुटुंबावर वर्षाला दीडशे डॉलरचा बोजा पडतो. कर्ज वीस ते तीस वर्षांचे असते, त्यामुळे आज पहिलीत असलेल्या मुलाच्या मुलांपर्यंत ते फेडणे चालू राहू शकते. गरीब शाळा जिल्ह्यांना जास्त व्याज पडू नये म्हणून 1854 साली स्थापन झालेल्या राज्याच्या कायमस्वरूपी शालेय निधीची हमी 1983 पासून अशा रोख्यांना मिळू शकते. ही हमी नसती तर लहान गावांना हे कर्ज परवडले नसते.

आमचा प्रस्ताव पहिल्या वेळी पडला, हेही सांगितले पाहिजे. यादीत ‘किरकोळ दुरुस्त्या’ या नावाखाली मोठी रक्कम ठेवली होती, आणि लोकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. पुढच्या वेळी प्रत्येक शाळेचे नाव, काम आणि रक्कम छापली, तेव्हा तो मंजूर झाला.

हिशेबतपासनीस_गडहिंग्लज

वरील माहिती उत्तम आहे, परंतु आपल्याकडे हे जसेच्या तसे होऊ शकत नाही. त्याचे कारण कर आणि शाळा यांचा संबंध आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेने जोडलेला आहे. तिथे शाळा चालवणारी संस्थाच कर बसवते. आपल्याकडे जिल्हा परिषद शाळा चालवते, पगार राज्य शासन देते, बांधकामाचा पैसा समग्र शिक्षा (केंद्र आणि राज्य यांची शालेय शिक्षणाची योजना) किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो आणि घरफाळा ग्रामपंचायत गोळा करते. शहरात घरफाळ्यासोबत 1962 च्या कायद्याप्रमाणे शिक्षण उपकरही वसूल होतो, पण तो राज्य शासनाकडे जमा होतो. गल्लीतल्या शाळेच्या छपराशी त्याचा थेट संबंध राहत नाही. समग्र शिक्षेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा 60 आणि 40 असा आहे. त्यातील एक हप्ता लांबला की खालची सगळी कामे लांबतात.

कर्जरोखे आपल्या राज्यात नवे नाहीत. पुणे महानगरपालिकेने 2017 मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी 200 कोटी रुपयांचे रोखे 7.59 टक्के व्याजाने विकले. पण सेबीचे (भांडवल बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे) 2015 चे नियम नगरपालिका आणि महानगरपालिकांसाठी आहेत, आणि रोखे घेणारा आधी त्या संस्थेचे पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी) व कराची वसुली पाहतो. ज्या ग्रामपंचायतीचा घरफाळा मार्चअखेर दवंडी देऊनही पूर्ण वसूल होत नाही, तिचे रोखे कोण घेणार? जिल्हा ग्रामविकास निधीतून ग्रामपंचायतीला कर्ज मिळण्याची सोय आहे, परंतु ते गाळ्यांसारख्या उत्पन्न देणाऱ्या कामाला शोभते. वर्गखोली भाडे देत नाही.

तरीही ही कल्पना आपल्याला परकी नाही, असे मला वाटते. आपल्या सहकारी कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे ठेवी कापून भांडवल उभे केले आणि सभासदांनी ते सोसले, कारण समोर कारखान्याची चिमणी उभी राहताना दिसत होती. ठेव कशासाठी, परत कधी आणि व्याज किती, हे जिथे स्पष्ट होते तिथे कुरबूर कमी झाली. जिथे ‘इतर कपाती’ एवढाच रकाना होता, तिथे सर्वसाधारण सभा गाजल्या. ऑस्टिनच्या ‘किरकोळ दुरुस्त्यां’ची हकिकत वाचताना मला हेच आठवले.

एक_शिक्षिका (हातकणंगले)

मी बावीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते आहे. एका मुद्द्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याकडे कर्जरोख्यांची जागा लोकवर्गणीने घेतली आहे, आणि वर्गणी ही न्याय्य नसते. माझ्या आधीच्या शाळेत स्वच्छतागृहासाठी घरटी पाचशे रुपये ठरले. बागायतदारानेही पाचशे दिले आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबानेही पाचशेच दिले. एका आईने ते तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी पदराच्या गाठीतून काढून माझ्या टेबलावर ठेवले. कर मालमत्तेच्या मूल्यावर असेल, तर मोठ्या घराला मोठा वाटा येतो आणि ज्यांची मुले त्या शाळेत नाहीत, तेही देतात. मला तिकडच्या पद्धतीतील ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

आपल्या गावांत ज्यांचा शब्द चालतो, त्यांची मुले सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. विद्या मंदिराच्या भिंतीला भेग पडली, हे त्यांना ग्रामसभेतच समजते. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तिथे गावाची शाळा ही फक्त गरिबांची शाळा होऊन बसावी, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून खोल्यांचा विषय फक्त पालकसभेत ठेवू नका, ग्रामसभेत ठेवा, आणि ज्यांची मुले तुमच्या शाळेत नाहीत त्यांना आवर्जून बोलवा.

निवृत्त_शाखा_अभियंता (राधानगरी)

भेगेविषयी आधी लिहितो, निधीचे नंतर. नदीकाठची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग बहुधा पाया असमान खचल्याची खूण असते. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याभरात काच तडकली, तर भेग अजून हलते आहे असे समजावे. असा वर्ग एक दिवसही वापरू नये. मुलांना आजच दुसरीकडे बसवा, त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही.

आता कागदांविषयी. आपण तीन अर्ज दिलेत, परंतु अर्जाला अंदाजपत्रकात जागा नसते, प्रस्तावाला असते. खोली धोकादायक असल्याचा अभियंत्याचा दाखला घ्या, निर्लेखनाचा (खोली नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव करा आणि त्यासोबत नवीन खोलीची मागणी जोडा. जुनी खोली यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीच्या शासकीय नोंदणीत) वापरातील खोली म्हणून नोंदलेली असेल, तर कागदावर आपल्याला खोल्या पुरेशा दिसतात आणि मागणी तिथेच अडते. माझ्या नोकरीत मी हे असंख्य वेळा पाहिले. पडकी खोली कागदावर चांगली राहिल्यामुळे शाळेला नवी खोली मिळत नसे.

दुसरे, शिक्षण हक्क कायद्याचे कलम 22 वाचा. शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे, आणि तोच शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार असेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बहुतेक शाळांत हा आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून काढलेला असतो. तिकडची खोलीनिहाय तपासणी आणि कामांचा जाहीर क्रम यांसाठी आपल्याकडे मतदान लागत नाही, या आराखड्यातच ते करता येते. प्रत्येक खोलीचे छायाचित्र, मोजमाप, दोष आणि ढोबळ खर्च लिहा. नवी खोली पूररेषेच्या आत येत असेल, तर जोत्याची उंची 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्यावी लागेल. तो जादा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, मागाहून वाढीव मंजुरी मिळवणे फार कठीण जाते. मग तो आराखडा ग्रामसभेच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि त्यातील कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यातही घालून घ्या. आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती, कंपन्यांचा सामाजिक निधी यांपैकी कोणाकडेही गेलात, तरी पहिला प्रश्न आराखडा आणि ठराव यांचाच असतो.

संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर मिळते. ते खडू, वीजबिल, साफसफाई यांतच संपते. त्यातून भिंत उभी करण्याचा विचार करू नका.

नदीकाठचा_पालक

सर्वांचे मनापासून आभार. अभियंता साहेबांचे उत्तर वाचून मी आजच मुख्याध्यापकांना भेटलो. तिसरीचा वर्ग उद्यापासून ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसेल. सरपंचांनी दुपारपर्यंत सभागृह मोकळे ठेवण्याचे मान्य केले आहे. काचपट्ट्या दोन ठिकाणी लावल्या आणि तारीख टाकली. यू-डायसची नोंदही पाहिली. आमच्या सातही खोल्या त्यात चांगल्या स्थितीत असल्याचे लिहिले आहे.

शनिवारी समितीची सभा आहे. तिथे खोलीनिहाय नोंदीचा तक्ता करू आणि वर्गणी घरटी सारखी न ठेवता घरफाळ्याच्या प्रमाणात ठेवावी, अशी सूचना मी मांडणार आहे. साहेब, तक्त्याचा कच्चा मसुदा इथे टाकला, तर जोत्याच्या उंचीचा हिशेब आपण तपासून द्याल का?