विषय: वाकळीसाठी कापड हवंय (पैसे नकोत)

प्रेषक: मावशी, मिसिसागा, कॅनडा (माहेर नंदगडजवळ)

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या चर्चेत हे घुसडायला नको म्हणून वेगळी मेल.

माझी भाची बेळगावात समाजकार्य शिकते, शेवटचं वर्ष. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी प्रकल्प घेतलाय. खानापूर तालुक्यातलं एक गाव आणि बेळगावातलं वडगाव, दोन्हीकडच्या घरांतून एकेक चौकोन शिवून घ्यायचा आणि सगळ्यांची मिळून एक वाकळ करायची. पुण्याकडचे गोधडी म्हणतील, आमच्या शेजारच्या कानडी आज्जी कौदी म्हणायच्या. कापड घरातल्याच बाईचं: जुनं लुगडं, इरकल, खणाची चोळी. चौकोनाच्या काठाला कुठला दोरा घालायचा ते मात्र एका प्रश्नावर ठरतं. घराच्या नाहीतर शेताच्या उताऱ्यावर बाईचं नाव आहे का? असेल तर लाल, नसेल तर पांढरा. हक्क होता पण सही करून सोडला, तर काळा.

परवा फोनवर म्हणाली, ‘मावशी, पांढरा दोरा जास्त लागणार म्हणून दोन रिळं आणलेली, खरं काळाच आधी संपला.’

आधी त्या छापील प्रश्नावली घेऊन हिंडल्या होत्या. बायका ‘मालकांना विचारा’ म्हणायच्या आणि आत जायच्या. मग वाकळ पसरली. खाली मान घालून धावदोरा घालताना कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि शेजारणीने सांगितलं की आपल्यालाही सांगावंसं वाटतं. तीन दुपारी कुणी काही बोललं नाही. चौथ्या दुपारी एक आज्जी सुई ओवता ओवता म्हणाल्या, ‘माझी सही घेतली त्या दिवशी मला गाडीतनं नेलं. त्याच्या आधी कधी गाडीत बसले नव्हते.’

आता तुमच्याकडे काय मागायचंय ते. आपल्यातल्याही कितीजणींनी सह्या केल्यात! वडील गेले, वारसा लावायचाय, हक्कसोड करायचंय, ‘तू लांब आहेस, मुखत्यारपत्र पाठव’ असा फोन येतो. २०११ साली मीही वकिलातीत रांग लावून शिक्का घेतला आणि कागद कुरिअर केला. जबरदस्ती कुणी केली नाही, हे स्पष्ट लिहिते. भाऊ चांगला आहे. पण नाही म्हटलं असतं तर पुढच्या मे महिन्यात कुठल्या घरी उतरले असते, हा विचार मनात होताच. पुढच्या खेपेला गेले तेव्हा भावाने साडी-चोळी केली. मोरपंखी इरकल. चौदा वर्षांत एकदाही नेसले नाही, टाकवतही नाही.

तिचा तुकडा मी पाठवतेय. आणखी कुणाला पाठवायचा असेल तर वीतभर चौकोन पुरे. नाव नको, गाव चालेल.

प्रेषक: सुभेदार काका, ब्रॅम्प्टन (अनगोळ)

ताई, नमस्कार. तुमच्या भाचीचं कौतुकच आहे. खरं एक विचारतो, राग मानू नका.

वाकळ शिवणं हे बायकांचंच काम. आमची आई शिवायची, तिची आई शिवायची. बायकांना गोळा करून बायकांचंच काम करायला लावायचं, ह्यात समानता कुठली? मुलींना ड्रायव्हिंग शिकवा, पोलीस भरतीची तयारी करून घ्या. आमची राणी चन्नम्मा १८२४ साली कित्तूरला इंग्रजांच्या समोर उभी राहिली, ती काय सुई घेऊन?

आणि वाकळीवर अक्षरं मराठी घालणार का कानडी? तेही सांगा.

प्रेषक: सचिव

काकांच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल: सीमाप्रश्न मंडळाच्या ह्या मेल-यादीवर नको, असं आपलं ठरलंय. तो २००४ पासून सुप्रीम कोर्टाच्या यादीवर आहे, तिथेच राहू दे. बाकी चर्चा जरूर चालू ठेवा.

प्रेषक: खजिनदार

पैसे मागितलेले नाहीत हे वाचलं, तरी दोघांनी मला वेगळे फोन करून ‘मंडळातर्फे पाचशे डॉलर देऊ’ म्हटलं म्हणून लिहितो. देता येणार नाहीत. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा आहे. मंडळ परदेशी संस्था, शिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणांचे पासपोर्ट आता इथले. घेणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच उतरावे लागतात. सहा विद्यार्थिनींच्या मागे हा व्याप लावू नका. कापड पाठवा.

प्रेषक: वॉटरलूची (बाबा शहापूरचे, मी इथलीच, मराठी चुकलं तर सांभाळा)

काका, तुमच्या प्रश्नावर मला दोन गोष्टी आठवल्या.

इथे ५ मेला झाडांना रिकामे लाल ड्रेस टांगलेले तुम्ही पाहिले असतील. जेमी ब्लॅक ह्या मेटी (इथला एक आदिवासी समाज) कलाकार बाईने ते सुरू केलं. बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी बायकांसाठी लोकांकडून ड्रेस मागवले आणि नुसते टांगले. आत कुणी नाही, इतकंच दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते.

दुसरी तर कर्नाटकातलीच. बंगळूरला २००३ मध्ये जस्मीन पाथेजा ह्या विद्यार्थिनीने कॉलेजचा प्रकल्प म्हणून ‘ब्लँक नॉइज’ सुरू केलं. रस्त्यावर छेड काढली गेली तेव्हा अंगावर जे कपडे होते ते पाठवा, असं तिने बायकांना सांगितलं. आले ते साधे पंजाबी ड्रेस, साड्या, शाळेचे गणवेश. ‘असे कपडे घालते म्हणून’ असं म्हणणाऱ्यांना वेगळं उत्तर द्यायची गरजच राहिली नाही.

दोन्हीकडे कापडच आहे, आणि ते बायकांनीच पाठवलंय. मला नाही वाटत त्यात काही कमीपणा आहे. पण काकांचा मुद्दा पूर्ण चुकीचाही नाही. पुरुष कुठे आहेत ह्यात?

प्रेषक: मावशी

भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत टाकते. व्हॉट्सॲपवर बोलली ते मी टाइप केलंय.

‘काकांना सांग, नियमच असा केलाय की एका चौकोनावर दोघांचे टाके पाहिजेत, आणि त्यातला एक घरातला पुरुष. नवरा, भाऊ, मुलगा, सासरा, कुणीही. निम्मे पळालेत. कुणाला चष्मा सापडत नाही, कुणाला म्हशी धुवायच्यात. एका घरात बाईंनीच दोन तऱ्हेचे टाके घातले, एक बारीक, एक मुद्दाम वेडावाकडा, नवऱ्याचा म्हणून. आम्ही तो तसाच ठेवलाय.

‘खरं एक गंमत बघ. खडेबाजारात शिवणारे सगळे टेलर पुरुष. मशीन आलं, पैसे आले की शिवण पुरुषाचं, आणि हातात सुईदोरा, घरातल्या घरात, फुकट, की बाईचं. वडगावात मागाचं तेच. मागावर बसतो तो विणकर. घरातली बाई दिवसभर मागासाठी कांड्यांवर सूत भरते, तिला कोण विणकर म्हणत नाही, मजुरी धरायचं तर लांबच. वडगावच्या चौकोनांत म्हणून आम्ही रिकाम्या कांड्याच शिवून टाकल्या. वाकळ घडी होत नाही आता. होऊ दे.

‘अक्षरं नाहीतच जवळजवळ. खाणाखुणा आहेत. कसुती भरतकामातला गवंती टाका एका मावशीला येतो, तो उलट-सुलट दोन्हीकडनं सारखाच दिसतो. खानापूरच्या बाजूला सिद्दी (मूळ आफ्रिकेकडचा समाज) बायका आहेत, त्यांच्या वाकळीला चारी कोपऱ्यांत कापडाची दुमडलेली फुलं असतात, फुलाशिवाय वाकळ उघडी म्हणतात. त्यांच्यातल्या दोघी आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या वाकळीला फुलं कुठायत? आता त्याच घालणार आहेत.

‘अक्षरं आहेत ती फक्त तिकिटांची. २०२३ च्या जूनपासून इकडे बायकांना साध्या बसला तिकीट शून्य रुपयांचं. कंडक्टर देतो ती चिठ्ठी पोरींनी जपून ठेवलेली, कुणी पहिल्यांदा एकटी बेळगावला आलेली, कुणी कॉलेजला. ती चिकटवणार होतो, खरं मशीनच्या कागदावरची शाई दोन महिन्यांत उडते. मग उडायच्या आधी अक्षरांवरनं दोरा फिरवला. कानडी आहेत, कारण तिकीट कानडी आहे. निपाणीहून एक मैत्रीण आहे, तिची मावशी कोल्हापूरला. परत येताना महाराष्ट्राच्या एसटीचं अर्ध तिकीट लागतं, तेही मराठीत शिवलंय. काकांना म्हणावं, सीमा आमच्या वाकळीत पण आहे, एकीकडे शून्य आणि एकीकडे अर्ध.’

तिकिटाचं ऐकून मला आमची आई आठवली. नंदगडच्या बाजाराला जायचं तरी वडिलांकडे बसचे पैसे मागायची, आणि ते ‘कशाला’ म्हणून विचारायचे. असो.

प्रेषक: सुभेदार काका

वाचलं. दोनदा वाचलं.

फौजेत आम्हाला किटमध्ये सुई, दोरा, बटणं द्यायचे. त्या पिशवीला ‘हाऊसवाइफ’च म्हणायचे. मराठा लाइट इन्फंट्रीत बेळगावला भरती झालो, पहिल्या आठवड्यात उस्तादाने बटण लावायला शिकवलं. वीस-बावीस वर्षं माझी बटणं मीच लावली. पेन्शन घेऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून बायकोला हाक मारायला लागलो. हे मला आजपर्यंत सुचलं नव्हतं.

दुसरं लिहू का नको, ह्यात दोन दिवस गेले.

आमची बहीण. लग्न १९८६ ला. कर्नाटकाने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला, खरं आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या, म्हणून आम्ही निवांत होतो. २००५ ला दिल्लीचा कायदा आला, त्यात लग्नाची अट गेली. आमच्यात तोवर वाटणी झालेली नव्हती. वकील म्हणाले, बहिणीची सही घ्या. आम्ही तिघे भाऊ गेलो, तिला सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात घेऊन आलो. कागद कानडी, तिला कानडी वाचता येत नाही. मी म्हटलं, ‘अक्का, वारशाचा कागद आहे, कर सही.’ खोटं नव्हतं. खरं सगळंही नव्हतं. येताना कुंदा घेतला, साडी घेतली.

कायदा नसता तर सही कशाला मागितली असती? तिचं होतं म्हणूनच मागितली, हे तेव्हाही माहीत होतं.

ताई, साडी पाठवा म्हणता. साडी तिच्याकडे. माझ्याकडे काय आहे? गणवेशाचा एक जुना शर्ट आहे, बटणं माझ्या हातची. तो चालेल का विचारा.

प्रेषक: मावशी

काका, विचारलं. शर्ट चालेल म्हणते, बटणांसकट. पण काठाचा दोरा कुठला ते अक्कांना विचारल्याशिवाय घालणार नाही, नियम आहे. तुम्ही विचाराल की मी फोन करू?

प्रेषक: सचिव

पुढच्या महिन्यात बेळगावला कोण जातंय? बॅगेत दोनेक किलो कापड जाईल. मला थेट कळवा, यादीवर नको.

प्रेषक: सुभेदार काका

मीच फोन केला. आधी तब्येत, पाऊस, तिचे गुडघे, सगळं झालं. मग साडीचं विचारलं. म्हणाली, ‘कसली साडी? ती होय! तिचं पोतेरं कधीच झालं.’

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

दोरा काळा सांगितलाय तिने. पोतेऱ्याचा तुकडा अजून न्हाणीजवळ आहे, धुऊन ठेवते, पोरींना पाठवून दे म्हणाली. ताई, भाचीला अनगोळचा पत्ता वेगळा पाठवतो.