मदत हवी आहे: अ‍ॅल्युमिनियमचा क्षार टीएच-२ प्रतिसाद कसा घडवतो?

जन्मजात प्रतिकारशक्ती अर्जित प्रतिकारशक्तीला दिशा कशी देते, यावर पदव्युत्तर वर्गासाठी व्याख्यान तयार करताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. डीपीटी लसीची कुपी न हलवता ठेवली की तळाशी पांढरा साका बसतो. तो अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचा असतो आणि १९२६ पासून ठाऊक असलेल्या या सहायकाशिवाय (लसीचा प्रतिसाद वाढवणाऱ्या घटकाशिवाय) शुद्ध टॉक्सॉइडला (निर्विष केलेल्या जिवाणू-विषाला) मिळणारा प्रतिसाद क्षीणच राहतो. निव्वळ प्रतिजन पुरेसे नसते, आधी जन्मजात यंत्रणेला इशारा मिळावा लागतो, हे प्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांचे १९८९ मधील प्रतिपादन मला पटते. जिवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड टीएलआर-४ या जन्मजात यंत्रणेच्या ग्राहीमार्फत ओळखले जाते, टी-पेशींना प्रतिजन दाखवणाऱ्या डेंड्रिटिक पेशी आयएल-१२ हे संदेशक प्रथिन स्रवतात आणि मदतनीस टी-पेशी टीएच-१ कडे, म्हणजे पेशींच्या आत शिरलेल्या जंतूंविरुद्धच्या प्रकाराकडे, वळतात, इथवर साखळी सरळ आहे. अ‍ॅल्युमिनियमसाठी मात्र असा टीएलआर लागत नाही, तरीही उंदरांत प्रतिसाद टीएच-२ कडे, म्हणजे प्रतिपिंडांना चालना देणाऱ्या प्रकाराकडे, झुकतो. पाठ्यपुस्तके पेशीच्या आत इजेची चाहूल घेणाऱ्या एनएलआरपी-३ या प्रथिनाकडे बोट दाखवतात; पण ते जनुक नसलेल्या उंदरांतही काही प्रयोगांत प्रतिपिंडे नेहमीसारखीच तयार झाली असल्याने मला ते स्पष्टीकरण अपुरे (आणि थोडे सोयीचेही) वाटते. मग इजा झालेल्या पेशींतून बाहेर पडणारे यूरिक आम्ल आणि डीएनए यांपैकी कोणता दुवा अधिक भक्कम मानावा, आणि आयएल-१२ चा अभाव एवढेच टीएच-२ कडे झुकण्याचे कारण म्हणून शिकवणे योग्य ठरेल का? या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.